सुबारू इम्प्रेझा फक्त मागच्या चाकांवर चालवायची असेल तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येथील उत्तरे प्रामुख्याने १९९२ ते २००७ या काळातल्या, म्हणजे पहिल्या दोन पिढ्यांतल्या, मुळात चारही चाकांवर चालणाऱ्या टर्बो इम्प्रेझाच्या डब्ल्यूआरएक्स आणि एसटीआय या वेगवान आवृत्त्यांना, आणि त्यांतही हाताने गिअर बदलाव्या लागणाऱ्या गाड्यांना लागू आहेत. इतर गाड्यांचा उल्लेख तुलनेपुरता आला आहे.

इम्प्रेझात इंजिनाची ताकद चारही चाकांपर्यंत पोहोचते तरी कशी?

हे नीट समजल्याशिवाय पान्याला हात लावू नये, म्हणून या उत्तरात थोडे सविस्तर लिहितो.

महाराष्ट्रात आपल्याला जीप किंवा थार यांची फोर बाय फोर रचना परिचयाची असते. तिथे गाडी मुळात मागच्या चाकांवर चालते, पुढच्या चाकांची जोडणी ही वरून दिलेली सोय असते आणि एक दांडी ओढली की ती जोडली किंवा सोडली जाते. इम्प्रेझाचे तसे नाही. तिचे आडव्या सिलिंडरांचे बॉक्सर इंजिन पुढच्या चाकांच्या आसाच्याही पुढे बसलेले असते, त्याच्या मागे लांबीच्या दिशेने गिअरबॉक्स असतो, आणि पुढच्या चाकांचा डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देत ताकद वाटणारा गिअरसंच) या गिअरबॉक्सच्याच कवचात, त्याच तेलात बुडालेला असतो. गिअरमधून आलेली ताकद एका पोकळ शाफ्टमधून प्रथम गिअरबॉक्सच्या शेपटाकडे, म्हणजे मधल्या डिफरन्शियलकडे जाते. तिथे तिच्या दोन वाटा होतात. एक वाट ट्रान्सफर गिअरमधून प्रोपेलर शाफ्टकडे आणि तिथून मागच्या डिफरन्शियलकडे जाते. दुसरी वाट त्याच पोकळ शाफ्टच्या पोटातून जाणाऱ्या पिनियनच्या (लहान दातेरी चाकाच्या) दांड्यावरून उलट पुढे येते आणि पुढच्या क्राउन व्हीलला, म्हणजे डिफरन्शियलच्या मोठ्या दातेरी चाकाला फिरवते. शाफ्टच्या आत शाफ्ट अशी ही मांडणी आहे, आणि पुढची बहुतेक सगळी गुंतागुंत तिच्यातूनच येते.

पाच गिअरांच्या डब्ल्यूआरएक्समध्ये मधला डिफरन्शियल ताकद निम्मी-निम्मी वाटतो आणि पुढच्या व मागच्या चाकांच्या वेगात फरक पडू लागला की त्याला जोडलेले व्हिस्कस कपलिंग (घट्ट द्रवाच्या विरोधावर चालणारी जोडणी) तो फरक आवरते. सहा गिअरांच्या एसटीआयमध्ये हे काम विद्युतचुंबकावर चालणारा, चालकाला कमी-अधिक आवळता येणारा डिफरन्शियल करतो. त्यात आधीच्या गाड्यांमध्ये ३५ टक्के ताकद पुढे व ६५ टक्के मागे जाई, नंतरच्या गाड्यांमध्ये हे प्रमाण ४१ आणि ५९ असे झाले.

पुढचे दोन्ही हाफ शाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकापर्यंत ताकद नेणारे दांडे) काढून टाकले की काम झाले, असे नाही का?

नाही. डिफरन्शियलचा स्वभावच असा आहे की ज्या बाजूला विरोध कमी, त्या बाजूला तो फिरतो. पुढचे शाफ्ट काढले की पुढच्या वाटेला काहीच विरोध उरत नाही, त्यामुळे पिनियन मोकळी गरगर फिरते आणि मागच्या चाकांपर्यंत जेमतेम ताकद पोहोचते. व्हिस्कस कपलिंग असलेली गाडी कशीबशी हलते, म्हणून काहींना वाटते की जमले. प्रत्यक्षात ते कपलिंग आपल्या कुवतीबाहेरचा भार ओढत असते, आतले सिलिकॉन द्रव तापत जाते आणि थोड्याच वेळात कपलिंग निकामी होते. एसटीआयचा विद्युतचुंबकी डिफरन्शियल पूर्ण आवळला तरी इंजिनाचा सगळा पीळ एकट्याने कायम पेलण्यासाठी तो घडवलेला नाही.

मग मधला डिफरन्शियल जखडायचा कसा?

दोन मार्ग आहेत. डिफरन्शियल उघडून त्यातले गिअर वेल्डिंगने एकमेकांना जखडणे हा स्वस्त मार्ग. आणि डिफरन्शियल काढून त्या जागी एकसंध पोलादी स्पूल बसवणे हा महाग, पण भरवशाचा मार्ग. वेल्डिंगमध्ये गिअरच्या पोलादाची उष्णता-प्रक्रिया बिघडते, सांध्याला तडा जाऊ शकतो, आणि तुटलेला तुकडा पडतो तो थेट गिअरबॉक्सच्या तेलात. वेल्डिंग चांगले जमणाऱ्याच्या हातून असे डिफरन्शियल वर्षानुवर्षे टिकल्याची उदाहरणे आहेत, हे मान्य करूनही माझा कल स्पूलकडेच आहे, कारण हा भाग बसवण्यासाठी गिअरबॉक्सचे शेपूट उघडावेच लागते आणि तेवढे श्रम दुसऱ्यांदा करण्याची हौस कुणाला नसते.

पुढची पिनियन फिरती ठेवावी, की तिची ताकदही तोडावी?

या प्रश्नावर जाणकारांतही एकमत नाही. पहिल्या प्रकारच्या स्पूलमुळे पुढची आणि मागची अशा दोन्ही वाटा एकत्र जखडल्या जातात. पुढचे शाफ्ट काढलेले असल्याने पिनियन, क्राउन व्हील आणि पुढचा डिफरन्शियल भाराशिवाय फुकट फिरत राहतात. दुसऱ्या प्रकारच्या स्पूलमुळे ताकद फक्त मागच्या ट्रान्सफर गिअरला मिळते आणि पिनियनचा दांडा स्थिर राहतो.

दुसरा प्रकार ऐकायला अधिक नेटका वाटतो, कारण बिनकामाचे काहीच फिरत नाही. पण वर सांगितलेली शाफ्टच्या आतल्या शाफ्टची मांडणी आठवावी. पोकळ शाफ्ट आणि पिनियनचा दांडा यांच्यामध्ये सुईसारख्या रोलरांची बेअरिंग असतात. मूळ गाडीत दोन्ही जवळजवळ सारख्याच वेगाने फिरतात, त्यामुळे या बेअरिंगना फारसे काम पडत नाही. पिनियन थांबली की तीच बेअरिंग सतत पूर्ण वेगाने फिरू लागतात. शिवाय पाच गिअरांच्या खोक्यात तेलाचा पंप नसतो. फिरणारे दाते तेल उडवतात, त्यावरच वंगण अवलंबून असते, आणि तळाशी तेलात बुडालेले मोठे क्राउन व्हील या कामात मोठा वाटा उचलते. ते थांबवणे किंवा काढून टाकणे म्हणजे वंगणाचा एक स्रोत कमी करणे होय. म्हणून रस्त्यावर किंवा ट्रॅकवर बराच वेळ चालणाऱ्या गाडीत पुढचा डिफरन्शियल जागेवर ठेवून तो मोकळा फिरू द्यावा, असे माझे मत आहे. तेल घुसळण्यात थोडी ताकद वाया जाते. ती जाऊ द्यावी.

पुढचे हाफ शाफ्ट पूर्ण काढल्यावर हबमध्ये (चाक ज्यावर बसते त्या भागात) बाहेरच्या सांध्याचा तुकडा पुन्हा का बसवायचा?

या पानावरचे बाकी काही विसरले तरी चालेल, हे विसरू नये.

पुढच्या चाकाचे बेअरिंग आणि हब यांना एकत्र आवळून धरण्याचे काम हाफ शाफ्टच्या टोकाचा सीव्ही जॉइंट (चाक वळले तरी ताकद पोहोचवणारा सांधा) आणि त्यावरचे मोठे नट करते. शाफ्टचे काम ताकद पोहोचवणे एवढेच आहे, असे समजून तो काढून गाडी चालवली, तर बेअरिंगवरचा आवळ जातो, ते खिळखिळे होते आणि शेवटी चाकासकट हब बाहेर येऊ शकतो. म्हणून जुन्या शाफ्टचा बाहेरचा सांधा उघडून, आतल्या गोळ्या आणि पिंजरा काढून, दातेरी टोक असलेला कप तेवढा हबमध्ये बसवतात आणि नट त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने आवळतात. नट नवे घ्यावे आणि त्याची कड ठोकून अडकवावी. कपाच्या उघड्या तोंडात पाणी व चिखल साचतो, त्यामुळे तो स्वच्छ करून झाकणे चांगले.

शाफ्ट काढल्यावर गिअरबॉक्समधून तेल गळेल का?

ते गाडीच्या सालावर अवलंबून आहे. जुन्या गाड्यांत गिअरबॉक्समधून बाहेर आलेल्या छोट्या दांड्यावर हाफ शाफ्ट सरकवून त्यात पिन ठोकलेली असते. पिन काढून शाफ्ट ओढला तरी दांडा आणि ऑइल सील जागेवर राहतात, म्हणून गळती होत नाही. ज्या गाड्यांत शाफ्टचे टोकच थेट डिफरन्शियलमध्ये घुसते, तिथे ते काढल्यावर सीलचे तोंड उघडे पडते आणि गिअर व डिफरन्शियल या दोहोंचे सामायिक तेल तिथून वाहून जाते. अशा ठिकाणी आतल्या सांध्याचा दांडा कापून परत बसवणे किंवा योग्य मापाचे बूच वापरणे हे उपाय आहेत.

मागचा भाग हा सगळा भार पेलेल का?

डब्ल्यूआरएक्समध्ये बहुधा आर-१६० प्रकारचा मागचा डिफरन्शियल असतो आणि एसटीआयमध्ये त्याहून मोठा आर-१८०. हे आकडे साधारणतः क्राउन व्हीलचा मिलिमीटरमधला व्यास दाखवतात. जो भाग इंजिनाच्या निम्म्या ताकदीसाठी बसवला होता त्याला आता पूर्ण ताकद मिळणार, त्यामुळे ताकद वाढवलेल्या गाडीत आर-१८० आणि त्याला जुळणारे हाफ शाफ्ट लावणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. ड्रिफ्टसाठी, म्हणजे मागची चाके घसरवत गाडी तिरकी चालवण्यासाठी, त्यात टू-वे प्रकारचा लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (अॅक्सिलरेटर दाबला किंवा सोडला तरी एकाच चाकाला मोकळे गरगरू न देणारा) लागतो. साधा (ओपन) डिफरन्शियल ठेवला तर वळणाच्या आतल्या बाजूचे एकच चाक धूर काढत बसते.

एक गोष्ट मात्र फायद्याची आहे. पाच गिअरांच्या खोक्याचे दाते तुटतात ते बहुतेक वेळा चारही टायर रस्त्याला घट्ट धरून असताना क्लच झटक्यात सोडल्याने. दोनच टायर ताकद घेऊ लागले की ते आधी घसरतात आणि धक्क्याचा बराचसा जोर तिथेच निघून जातो. त्यामुळे मागचा भाग अधिक थकतो, पण गिअर कधीकधी जास्त टिकतात.

आणखी एक मोकळीक मिळते. चारही चाके चालत असताना पुढचे आणि मागचे अंतिम गुणोत्तर (चाकांपूर्वीच्या शेवटच्या गिअरजोडीचे प्रमाण) जुळलेच पाहिजे. सहा गिअरांच्या गाडीत पुढे ३.९०, मागे ३.५४ आणि ट्रान्सफर गिअरमध्ये १.१ असा हिशेब त्यासाठीच केलेला असतो. पुढची चाके सुटली की मागे हवे ते गुणोत्तर निवडता येते.

गाडी हलकी आणि वेगवान होईल का?

हलकी थोडीशी होईल. दोन हाफ शाफ्ट आणि फार तर पुढचा डिफरन्शियल मिळून वीस-एक किलोंची बचत होते. सुमारे १,४५० किलोंच्या गाडीत तिचे महत्त्व फारसे नाही.

वेगाबद्दल एक अंदाजी हिशेब मांडतो. उभ्या गाडीत मागच्या चाकांवर ४१ टक्के वजन आहे, गुरुत्वमध्याची उंची अर्धा मीटर आहे, पुढच्या-मागच्या आसांमधले अंतर अडीच मीटर आहे आणि टायरचा घर्षणांक १ आहे असे धरू. वेग घेताना मागे सरकणारे वजनही जमेस धरले तर मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला मिळू शकणारा जास्तीत जास्त प्रवेग ०.४१ भागिले ०.८, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या जेमतेम निम्मा येतो. त्याच टायरांवर चारही चाके ओढणारी गाडी तत्त्वतः पूर्ण एकपर्यंत जाऊ शकते. थोडक्यात, सिग्नलवरून सुटताना किंवा ओल्या वळणातून बाहेर पडताना हीच गाडी पूर्वीपेक्षा मंद होईल, आणि जपानमध्ये २८० अश्वशक्ती म्हणून विकल्या गेलेल्या एसटीआयमध्ये हा फरक पहिल्या दोन गिअरांत ठळक जाणवेल. घर्षणातली थोडी ताकद वाचते, हे खरे. पण ती रस्त्यावर उतरवायला टायरच अपुरे पडतात.

म्हणजे ती बीआरझेडसारखी चालेल का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि त्याचे उत्तर नाही असे आहे. सुबारूने २०१२ साली टोयोटाच्या सहकार्याने बीआरझेड ही मागच्या चाकांवर चालणारी गाडी आणली, तेव्हा इम्प्रेझाचे पुढचे शाफ्ट नुसते काढून टाकले नाहीत. पुढचा डिफरन्शियल नसल्याने मोकळ्या झालेल्या जागेत इंजिन मागे आणि खाली सरकवले, आणि वजनाची विभागणी पुढे ५३ व मागे ४७ टक्के अशी आणली. इम्प्रेझात ती पुढे सुमारे ५८ ते ६० टक्के असते आणि शाफ्ट काढल्याने ती बदलत नाही, कारण जड इंजिन पुढच्या आसाच्या पुढेच लटकत राहते. वळणात शिरताना नाक बाहेर ढकलले जाण्याची तिची जुनी खोड कायम राहते. फरक एवढाच, की आता अॅक्सिलरेटर दाबल्यावर पुढची चाके गाडीला वळणात ओढत नाहीत, उलट मागची बाजू सुटते. इंजिन मागे न्यायचे तर वेगळा गिअरबॉक्स, वेगळे माउंट आणि फायरवॉलची (इंजिन व केबिन यांमधल्या भिंतीची) कापाकापी आली. तेवढा खर्च करण्यापेक्षा वापरलेली बीआरझेड विकत घ्यावी, असे मी कुणालाही सांगेन.

मग लोक हा खटाटोप करतात कशासाठी?

मुख्यतः ड्रिफ्टसाठी. जपानची डी-१ ग्रां प्री आणि अमेरिकेची फॉर्म्युला ड्रिफ्ट या स्पर्धांत मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्याच उतरतात, आणि चारही चाकांची गाडी आणायची असेल तर ती आधी अशी बदलून घ्यावी लागते. गंमत अशी की ज्या इम्प्रेझाने चार चाकांच्या पकडीवर १९९५, १९९६ आणि १९९७ ही सलग तीन वर्षे जागतिक रॅलीचे उत्पादक विजेतेपद मिळवले आणि कॉलिन मॅक्रे, रिचर्ड बर्न्स व पेटर सोल्बर्ग यांना चालकांचे विजेतेपद दिले, तीच गाडी पुढची चाके मोकळी करून नोबुशिगे कुमाकुबो यांनी डी-१ मध्ये चालवली आणि २००६ चे विजेतेपद जिंकले.

चारही चाके ओढत असताना गाडी तिरकी झाली की पुढची चाके तिला सरळ ओढू पाहतात आणि लांबवर तिरके घसरणे कठीण होते. हँडब्रेकचाही संबंध येतो: मधल्या डिफरन्शियलमधून पुढची-मागची चाके जोडलेली असताना मागची चाके अडवली तर तो अडथळा पुढेही पोहोचतो. बदलानंतर हँडब्रेक फक्त मागची चाके अडवतो आणि गाडी हव्या त्या क्षणी फिरते.

निसान जीटी-आरमध्ये हे काम एका दुपारी होते, असे ऐकतो. ते खरे आहे का?

आर-३२ ते आर-३४ या स्कायलाइन जीटी-आरमध्ये होय, बऱ्याच अंशी. त्या गाड्या मुळात मागच्या चाकांवर चालणाऱ्या आहेत. मागची चाके घसरू लागली की ट्रान्सफर केसमधला तेलात बुडालेला अनेक चकत्यांचा क्लच आवळला जातो आणि ताकदीचा काही भाग, जास्तीत जास्त निम्मा, पुढे जातो. मधे डिफरन्शियल नसल्याने पुढचा प्रोपेलर शाफ्ट काढला तरी मागची ताकद कुठे निसटून जात नाही. निसानने स्वतः १९९५ साली ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत उतरवलेली जीटी-आर एलएम मागच्या चाकांवरच चालत होती. मासातो कावाबाता यांनी २०१६ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या फुजैरा विमानतळावर ताशी ३०४.९६ किलोमीटर वेगाने ड्रिफ्टचा जागतिक विक्रम केला, तो याच घराण्यातल्या आर-३५ मध्ये, तिची सगळी ताकद मागे वळवून. पण हे पाहून इम्प्रेझाच्या मालकाने हुरळून जाऊ नये. दोन्ही गाड्यांच्या पोटातली मांडणी वेगळी आहे.

माझी गाडी ऑटोमॅटिक आहे. फ्यूज बॉक्समध्ये एक फ्यूज घातला की दोन चाकांवर येते म्हणतात?

येते, पण उलट्या दोन चाकांवर. सुबारूच्या अनेक जुन्या चार गिअरांच्या ऑटोमॅटिक गाड्यांत एफडब्ल्यूडी असे लिहिलेली फ्यूजची रिकामी जागा असते. तिथे फ्यूज घातल्यावर मागची चाके सुटतात आणि गाडी फक्त पुढच्या चाकांवर चालते. ड्रिफ्टसाठी तिचा उपयोग शून्य.

स्पीडोमीटर आणि एबीएस यांचे काय होते?

ज्या गाड्यांत वेगाचा सेन्सर गिअरबॉक्समध्ये पुढच्या डिफरन्शियलच्या फिरण्यावर चालतो, तिथे तो डिफरन्शियल थांबवला की काटा शून्यावर बसतो. फिरता ठेवला तर काटा चालतो, पण मागची चाके जागेवर घसरत असताना तो खोटा वेग दाखवेल. एबीएस प्रत्येक चाकाचा वेग वेगळा वाचते. टोन रिंग (चाकाचा वेग मोजण्यासाठीची दातेरी कडी) सीव्ही जॉइंटच्या कपावर असेल तर कप कापताना तिला धक्का लावू नये. चार चाके एकमेकांशी जोडलेली आहेत असे गृहीत धरून लिहिलेले नियंत्रण आता वेगळ्या गाडीवर चालणार आहे, म्हणून पहिली चाचणी मोकळ्या मैदानात, ओल्या आणि कोरड्या अशा दोन्ही पृष्ठभागांवर जोरात ब्रेक दाबून करावी.

सस्पेन्शनमध्ये काय बदलावे?

मागच्या टायरना पकड हवी, म्हणून मागचा अँटी-रोल बार (वळणात गाडीचे कलणे आवरणारी दांडी) मूळच्याइतका मऊ ठेवावा किंवा आणखी मऊ करावा. चार चाकांच्या गाडीत नाक आत वळावे म्हणून लावलेला जाड मागचा बार इथे शत्रू ठरतो. ड्रिफ्ट करायचे असेल तर स्टिअरिंगचा कोन वाढवणारे नकल (हब ज्यात बसतो व ज्यासह चाक वळते ते भाग) लागतात, आणि हाफ शाफ्ट नसल्यामुळे सांध्याच्या कोनाची मर्यादा आड येत नाही.

असा बदल कायद्यात बसतो का?

ही गाडी असलेले मराठी वाचक बहुधा ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ब्रिटन किंवा अमेरिकेत राहतात. तिथले नियम देशानुसार, काही ठिकाणी राज्यानुसार बदलतात, आणि मान्यताप्राप्त अभियंत्याचे प्रमाणपत्र लागू शकते. विमा कंपनीला आधी लेखी कळवणे कुठेही टाळू नये. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला. त्यामुळे इथे अशी गाडी बंद ट्रॅकपुरतीच ठेवणे सुरक्षित आहे, आणि तिथवर ती ट्रकवर चढवून न्यावी.

पुढे मन बदलले तर गाडी पूर्ववत करता येईल का?

स्पूल वापरला असेल आणि काढलेले भाग जपून ठेवले असतील तर येईल. मधला डिफरन्शियल तेल लावून, गुंडाळून, गाडीच्या चासी क्रमांकाची चिठ्ठी बांधून ठेवावा. अखंड हाफ शाफ्टही तसेच ठेवावेत आणि हबमध्ये बसवायचे कप भंगारातून आणलेल्या दुसऱ्या शाफ्टचे कापावेत. मागे वेगळे अंतिम गुणोत्तर लावले असेल तर पुढचे शाफ्ट जोडण्यापूर्वी मूळ डिफरन्शियल आठवणीने परत बसवावा, नाहीतर पुढची आणि मागची चाके एकमेकांविरुद्ध ओढत राहतील आणि मधला डिफरन्शियल काही किलोमीटरांतच तापून जाईल.